आमोखोस्तोस, माउसा, फामागुस्ता: सायप्रसच्या पूर्व किनाऱ्यावर

सायप्रस बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राकाठी हे शहर आहे. १९७४ पासून बेट दुभंगलेलं आहे: दक्षिणेत ग्रीक सायप्रियटांचं सायप्रस प्रजासत्ताक, उत्तरेत तुर्की सायप्रियटांचं वेगळं सरकार. हे शहर उत्तरेच्या ताब्यात आहे. इंग्रजी नकाशात ते फामागुस्ता. ग्रीक बोलणाऱ्यांचं आमोखोस्तोस. तुर्की बोलणाऱ्यांचं माउसा, आणि उत्तरेतल्या सरकारी पाट्यांवर गाझीमाउसा. त्याचा समुद्राकाठचा भाग म्हणजे वारोशा. साठ आणि सत्तरच्या दशकात युरोपातले पैसेवाले तिथे सुट्टीला यायचे. १९७४ च्या ऑगस्टमध्ये वारोशा रिकामा झाला, त्याभोवती तारांचं कुंपण पडलं, आणि २०२० पर्यंत सैन्याशिवाय तिथे कोणी पाऊल टाकलं नाही म्हटलं तरी चालेल. आता काही रस्ते फिरायला खुले केलेत.

माझी ताई शाळेत इतिहास शिकवायची, आता निवृत्त आहे. तिला तिथला व्हेनिसवाल्यांचा तट बघायचा होता, मला वारोशा. ऑक्टोबर सरता सरता आम्ही दोघी निघालो.

जाणाऱ्यांसाठी आधीच एक सांगून ठेवते. भारतीयांना सायप्रस प्रजासत्ताकाचा व्हिसा लागतो, आणि उतरायचं दक्षिणेतच, लार्नाका किंवा पाफोसला. तुर्कस्तानमार्गे उत्तरेतल्या एर्जान विमानतळावर उतरता येतं, पण प्रजासत्ताक तो बेकायदा प्रवेश मानतं. तिकीट थोडं स्वस्त दिसलं तरी त्या वाटेला जाऊ नये.

पहिला दिवस: लार्नाका

आखातात विमान बदलून दुपारी लार्नाकाला पोचलो. राजधानी निकोसियाचा विमानतळ १९७४ च्या युद्धात बंद पडला तो कायमचा. आज तो दोन्ही बाजूंच्या मधल्या पट्ट्यात पडून आहे. लार्नाकाचा विमानतळ त्यानंतर घाईने उभा राहिला.

सामान टाकलं आणि समुद्रावर गेलो. फिनिकुदेस नावाचा खजुरांच्या झाडांचा लांबलचक रस्ता, एका हाताला वाळू, दुसऱ्या हाताला कॉफीची दुकानं. ऊन कोवळं, पाणी अजून कोमट. लोक संध्याकाळी उशिरापर्यंत पोहत होते.

ताईला मात्र आधी एक रस्ता बघायचा होता. लार्नाकात जनरल टिमाया या नावाचा हमरस्ता आहे. हे टिमाया म्हणजे आपले जनरल थिमय्या, भारताचे माजी लष्करप्रमुख, कोडगूचे. १९६३ च्या डिसेंबरात ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत दंगली पेटल्या, १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले प्रमुख जनरल ग्यानी, दुसरे थिमय्या. १८ डिसेंबर १९६५ ला थिमय्या सायप्रसमध्येच वारले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं आणि इथे त्यांच्या नावाचा रस्ता केला. १९७४ च्या युद्धातही त्या सेनेचे प्रमुख भारतीयच होते, जनरल दिवाण प्रेमचंद. पाटीखाली ताईचा फोटो काढत होते तेव्हा शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या बाई बाहेर आल्या. कुठून आलात विचारलं. इंडिया म्हटल्यावर पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमचाच ना हा? माझे वडील सांगायचे, भला माणूस होता." साठ वर्षं झाली त्या गोष्टीला. ताईचे डोळे भरून आले.

रात्री एका छोट्या खानावळीत लुवी खाल्ली. लुवी म्हणजे आपली चवळी, शिजवून त्यात दुधीच्या जातीची कोवळी फळभाजी, वरून ऑलिव्हचं तेल आणि लिंबू, सोबत कच्चा कांदा. शाकाहारी मंडळींनी "निस्तिसिमो" हा शब्द पाठ करावा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाचं जेवण, मांस नाही, दूधदुभतं नाही. हा शब्द उच्चारला की स्वयंपाकघरातून चार पदार्थ तरी निघतात.

वाढणाऱ्या मुलाने पुढचा बेत विचारला. मी फामागुस्ता म्हटलं. "आमोखोस्तोस," तो म्हणाला. चूक काढल्यासारखं अजिबात नाही, एखादा आपल्या घरच्या माणसाचं नाव सांगतो तसं. त्यानंतर दक्षिणेत असेपर्यंत आम्ही आमोखोस्तोसच म्हणत राहिलो.

दुसरा दिवस: देरिनिया

सकाळच्या बसने पूर्वेकडे. या भागातल्या खेड्यांना कोक्किनोखोरिया म्हणतात, लाल गावं. माती खरंच रत्नागिरीसारखी तांबडी आहे. शेतांतून बटाटा आणि पाण्याचे पाट. पुढे आया नापा आणि प्रोतारास ही आजची पर्यटनाची गावं लागतात. आमोखोस्तोस हातचं गेल्यावर हॉटेलांचा सगळा धंदा इकडे सरकला.

देरिनिया हे कुंपणाला लागून असलेलं गाव. आमची राहायची सोय इथेच, एका बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर. गावाच्या कडेला आमोखोस्तोसच्या विस्थापितांसाठीचं सांस्कृतिक केंद्र आहे. गच्चीवर दुर्बिणी ठेवल्यात. समोर कोरडं माळरान, त्यापलीकडे निळं पाणी, आणि पाण्याच्या कडेने उंच हॉटेलांची रांग. लांबून शहर जिवंतच वाटतं. दुर्बीण लावली की कळतं, एकाही खिडकीला काच नाही.

इथे काय झालं ते थोडक्यात सांगायला हवं. सायप्रस १९६० मध्ये ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालं. १५ जुलै १९७४ ला ग्रीसच्या लष्करी राजवटीने घडवून आणलेल्या बंडात राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांना पदच्युत केलं गेलं. बंडवाल्यांना बेट ग्रीसला जोडायचं होतं. २० जुलैला तुर्कस्तानचं सैन्य उत्तरेच्या किनाऱ्यावर उतरलं. १४ ऑगस्टला त्यांची दुसरी चढाई सुरू झाली आणि दोनेक दिवसांत रणगाडे या शहरात आले. सुमारे ३९ हजार ग्रीक सायप्रियट नेसत्या वस्त्रांनिशी पळाले. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. तुर्कस्तानखेरीज कोणीही त्याला मान्यता दिलेली नाही. १९८४ च्या सुरक्षा परिषदेच्या ५५० क्रमांकाच्या ठरावाने सांगितलं की वारोशात मूळ रहिवाशांखेरीज दुसऱ्या कोणाला वसवणं मान्य होणार नाही, आणि तो भाग संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात द्यावा. यातलं काही झालं नाही.

आमच्या घरमालकीणबाई त्या ३९ हजारांतल्या. तेव्हा तिसरीत होत्या. त्या सांगत होत्या, "आईने चुलीवरचं पातेलं खाली उतरवून ठेवलं. संध्याकाळी येऊन पुन्हा गरम करू म्हणाली."

त्यांनी आमच्यासाठी कोलोकासी रांधली. कोलोकासी म्हणजे आपल्या आळकुड्या, फक्त आकाराने पायलीएवढ्या. जवळच्या सोतिरा गावची कोलोकासी प्रसिद्ध आहे. त्यांची कापायची तऱ्हा बघत मी ओट्याशी उभी राहिले. कंद धुवायचा तो सोलायच्या आधी. सोलल्यावर पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, नुसता कोरड्या फडक्याने पुसायचा. मग सुरी अर्धी आत घालायची आणि मनगटाला हिसका देऊन तुकडा मोडून काढायचा. तुकडा कट्‌ आवाज करत सुटतो, कडा ओबडधोबड राहतात. सरळ कापला तर बुळबुळीत होतो, असं त्यांचं म्हणणं. आपण बुळबुळीतपणा मारायला चिंच घालतो हे सांगितल्यावर त्यांनी लिंबू उचलून दाखवलं. कांदा, टोमॅटो, सेलरीचे दांडे आणि शेवटी ते लिंबू. आळूच्या फदफद्यावर वाढलेल्या आम्हा दोघींना हा रस्सा इतका ओळखीचा लागला की ताईने पातेलं पुसून घेतलं.

वारोशाला जाणार कळल्यावर त्या एकदम गप्प झाल्या. नंतर म्हणाल्या, "मी गेले नाही. माझ्या गल्लीत मी पाहुणी म्हणून जाणार नाही. तुम्ही जा, बघा." कागदावर त्यांनी गल्लीचा नकाशा काढून दिला. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान होतं, त्याची पाटी आहे का एवढं बघायला सांगितलं.

तिसरा दिवस: तटाच्या आत

देरिनियाचा नाका २०१८ मध्ये उघडला. चालत ओलांडता येतो. आधी प्रजासत्ताकाचे पोलीस, मग संयुक्त राष्ट्रांचा पट्टा, मग उत्तरेचे पोलीस. दोन्हीकडे पासपोर्ट बघितला, शिक्का कुठेच मारला नाही. मोटार नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: दक्षिणेचा विमा उत्तरेत चालत नाही, नाक्यावर वेगळा घ्यावा लागतो, आणि भाड्याची गाडी पलीकडे न्यायला कंपनीची परवानगी आहे का ते आधीच विचारावं. आम्ही पलीकडे टॅक्सी केली. नाका ओलांडला की फोन तुर्की नेटवर्क पकडतो, त्यामुळे रोमिंग बंद करून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. चलन तुर्की लिरा, पण युरो बहुतेक सगळीकडे घेतात.

टॅक्सीवाल्याला मी "माउसा, काले इची" म्हटलं, किल्ल्याच्या आतलं माउसा. तो खुशीत हसला.

तट बघून ताई लहान मुलीसारखी पळत सुटली. १५ मीटरपर्यंत उंच, काही ठिकाणी आठ मीटर जाड. व्हेनिसवाल्यांनी तोफांचा मारा सोसायला बांधलेला हा तट. १५७०-७१ मध्ये लाला मुस्तफा पाशाच्या उस्मानी फौजेने वेढा घातला आणि शहराने तो कित्येक महिने सोसला. अखेर सेनापती ब्रागादिनने किल्ला स्वाधीन केला, आणि त्याची जिवंतपणी कातडी सोलली गेली. समुद्राकडच्या गढीच्या दारावर व्हेनिसचा पंखवाला सिंह आहे, १४९२ सालचा. या गढीला सगळे ऑथेल्लोचा बुरूज म्हणतात, कारण शेक्सपिअरने ऑथेल्लोला सायप्रसच्या एका बंदरात आणून सोडलंय. त्याच ऑथेल्लोला गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर झुंजारराव केलं. ताईने बुरुजावर उभं राहून "झुंजाररावाचा गड!" अशी आरोळी ठोकली.

शहराच्या मधोमध चौदाव्या शतकातलं भव्य कॅथेड्रल आहे. एका मनोऱ्यावर छोटासा मिनार. बांधलं तेव्हा ते सेंट निकोलसचं. १२९१ मध्ये ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं आक्रे हे बंदर पडल्यावर पूर्वेकडचा व्यापार या बंदरात आला, शहर धनाढ्य झालं, आणि लुसिन्यान या फ्रेंच घराण्यातल्या सायप्रसच्या राजांना जेरुसलेमचे राजे म्हणून इथे राज्याभिषेक होऊ लागला. जेरुसलेम तेव्हा त्यांच्या हातात नव्हतंच. १५७१ मध्ये त्याची मशीद झाली, आयासोफिया नावाने. १९५४ मध्ये तिला लाला मुस्तफा पाशाचं नाव दिलं. चपला काढून, डोकं झाकून आत गेलो. पांढऱ्या रंगाने धुतलेले उंचच उंच खांब, खाली गालिचा, आणि दुपारचं ऊन तिरपं आत आलेलं. एक इसम कोपऱ्यात घड्याळ दुरुस्त करत होता. त्याने आम्हाला हवं तितका वेळ बसू दिलं.

पण माझं मन बसलं ते बाहेरच्या झाडावर. कॅथेड्रलसमोर एक प्रचंड जुनं झाड आहे, १२९९ च्या सुमारास लावलेलं असं सांगतात. तुर्कीत त्याला जुम्बेझ म्हणतात. जवळ जाऊन बघितलं तर खोडालाच लहान लहान फळांचे झुबके लगडलेले. हा आपल्या उंबराचाच भाऊबंद! ताई नरसोबाच्या वाडीला नेमाने जाणारी. तिचे हात आपसूक जोडले गेले. फळ हातात घेऊन फोडलं, आत तसेच बारीक किडे.

झाडाखालच्या चहाच्या दुकानात एक आजोबा बसले होते. हात जोडलेले बघून त्यांनी आम्हाला बोलावलंच. तिथे वयस्कर माणसाला अमजा म्हणतात, काका. अमजा मूळचे पाफोसजवळच्या गावचे, म्हणजे दक्षिणेतले. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाड्यांतून इकडे आणले गेले. त्यांच्या पत्नी मात्र माउसाच्याच. १९७४ च्या उन्हाळ्यात तुर्की सायप्रियट कुटुंबं या तटाच्या आत आठवडेच्या आठवडे कोंडून होती, बाहेर ग्रीक सायप्रियट फौज. "ती बाराव्या वर्षी तटाच्या भुयारात झोपायची," ते म्हणाले. "देरिनियाच्या बाईंना सांगा, सैन्य आलं तेव्हा त्या पळाल्या आणि आमची माणसं बाहेर आली. दोन्ही खरं आहे."

मी पाट्यांवरच्या गाझीबद्दल विचारलं. ही पदवी १९७४ नंतर शहराच्या नावाला जोडली गेली. अमजांनी हात झटकला. "कागदावर लिहितात. तोंडात माउसाच येतं." मला हे मनापासून पटलं. सरकारने बहाल केलेली पदवी लोकांनी वापरात घेतलीच नाही, आणि त्यासाठी कोणाला आंदोलन करावं लागलं नाही. अमजांच्या स्वतःच्या गावाला तुर्की नाव होतं, आज तिथे कोणी ते घेत नाही. २००३ मध्ये नाके पहिल्यांदा उघडले तेव्हा ते बघून आले. घराला छप्पर नव्हतं.

दुकानात हेल्लिमचे भाजलेले काप आले. दक्षिणेत हाच पदार्थ हल्लुमी. बकरी-मेंढीच्या दुधाचं हे चीज तव्यावर वितळत नाही, खरपूस होतं, दाताखाली कुरकुरतं. २०२१ मध्ये युरोपियन संघाने त्याला भौगोलिक मानांकन दिलं तेव्हा हल्लुमी आणि हेल्लिम ही दोन्ही नावं नोंदवली. या बेटावर दोन्ही बाजूंची नावं एकाच सरकारी कागदावर आली, तीही चीजच्या! राजकारण्यांना जे साधलं नाही ते गवळ्यांना साधलं. कॉफीचं मात्र अजून जमलेलं नाही. त्याच पितळी भांड्यातली तीच गाळ बसलेली कॉफी दक्षिणेत सायप्रियट कॉफी म्हणून मागायची आणि इथे तुर्की. बेताच्या साखरेची हवी तर तिकडे "मेत्रिओ", इकडे "ओर्ता".

ताईने घरी एक पोस्टकार्ड टाकलं. इथल्या टपालाचा पत्ता बघण्यासारखा आहे: गाव काहीही असो, खाली लिहायचं "मेर्सिन १०, तुर्कस्तान". मान्यता नसल्याने सगळी पत्रं समुद्रापलीकडच्या मेर्सिन शहराच्या नावाने ये-जा करतात. कार्ड आमच्या नंतर बऱ्याच दिवसांनी ठाण्याला पोचलं.

मुक्कामाला आम्ही देरिनियालाच परतलो. उत्तरेतली कितीतरी हॉटेलं विस्थापित ग्रीक सायप्रियटांच्या जमिनींवर उभी आहेत आणि त्यांच्या मालकीचे खटले अजून चालतात. राहायचंच असेल तर जागा कोणाची होती ते विचारून मगच राहावं. मला ते महत्त्वाचं वाटतं.

चौथा दिवस: वारोशा

१५७१ नंतर उस्मान्यांनी ख्रिश्चनांना तटाबाहेर काढलं. ते दक्षिणेला, वाळूत आणि संत्र्यांच्या बागांत वसले. ती वस्ती म्हणजे वारोशा. तुर्कीत तिला मराश म्हणतात. म्हणजे हाकलून लावलेल्यांनी वसवलेली ही जागा. चारशे वर्षांनी त्यांना तिथूनही जावं लागलं.

प्रवेश मोफत. दारातच सायकली भाड्याने मिळतात, त्या घ्याव्यात, कारण रस्ते लांब आहेत आणि सावली कमी. पाणी सोबत ठेवावं. फक्त डांबरी रस्त्यावरून फिरायचं, दोर ओलांडायचा नाही, इमारतीत शिरायचं नाही, सैनिकांचे फोटो काढायचे नाहीत.

रस्ता नवा कोरा, काळाभोर. दोन्ही बाजूंना दोर, आणि दोरापलीकडे १९७४. केनेडी अव्हेन्यूवरून समुद्राच्या कडेने हॉटेलं. यातल्याच आर्गो हॉटेलात एलिझाबेथ टेलर उतरायची, असं सगळे सांगतात. बाल्कन्यांचे लोखंडी गज गंजून लोंबतायत, सिमेंटच्या ढलप्या पडून सळया उघड्या पडल्यात. एका तीनमजली घराच्या दिवाणखान्यातून अंजिराचं झाड वाढून गच्चीबाहेर आलेलं. बोगनवेलीने एक अख्खं दुकान गिळलेलं. आत काउंटर दिसत होता, त्यामागे रिकाम्या फळ्या. जे उचलून नेण्यासारखं होतं ते केव्हाच गेलं; दारांच्या चौकटीसुद्धा.

मी ओसाड, सुन्न जागेची कल्पना केली होती. प्रत्यक्षात तिथे वर्दळ होती. तुर्कस्तानातून आलेल्या सहली, आइस्क्रीम खाणारी मुलं, नवरानवरीचे फोटो काढणारे. किनाऱ्याचा एक तुकडा पोहायला खुला केलाय, तिथे छत्र्या आणि आरामखुर्च्या. पाणी सुंदर आहे, वाळू पिठासारखी. समुद्रात उतरायचं नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं आणि तुम्हालाही तेच सांगेन. इथे यावं, बघावं, पण ज्यांची ही घरं आहेत त्यांना आपल्या दारात उभं राहता येत नाही तोवर तिथे सुट्टी साजरी करणं बरोबर नाही.

एका बहुमजली इमारतीसमोर वयस्कर जोडपं उभं होतं. बाईंच्या हातात जुना फोटो. वर बोट दाखवून नवऱ्याला ग्रीकमध्ये काही सांगत होत्या, तो मजले मोजत होता. शेजारी एक तुर्की मुलगी थांबली, तिने इंग्रजीत विचारलं, "तुमचं घर?" बाईंनी फोटो तिच्या हातात दिला. मुलीने तो इमारतीशी जुळवून बघितला, मग पडद्यांचा रंग कोणता होता ते विचारलं. "पिवळा," बाई म्हणाल्या, आणि बराच वेळ दोघी पडद्यांबद्दल बोलत राहिल्या.

घरमालकीणबाईंनी दिलेला नकाशा घेऊन आम्ही डेमोक्रॅटियास रस्त्याला लागलो. गल्ली सापडली. तोंडाशीच दोर. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान होतं खरं. पाटी अर्धी तुटलेली, निळी अक्षरं उन्हाने पार उडालेली, पण पहिली काही अक्षरं लागत होती. फोटो काढायला मनाई नव्हती. काढला. रात्री बाईंनी फोन जवळ धरून, लांब धरून बघितला. मग लार्नाकाला राहणाऱ्या बहिणीला फोन लावला, आणि आम्ही झोपायला गेलो तरी खालून दोघींचं मोठमोठ्याने बोलणं चालू होतं.

पाचवा दिवस: सलामिस आणि मराथा

पहाटेपासून विजा. या बेटावर पाऊस म्हणजे सणच. टॅक्सीवाल्याने काच खाली करून हात बाहेर धरला होता. सलामिस हे शहराच्या उत्तरेला सहा-सात किलोमीटरवरचं प्राचीन नगर. व्यायामशाळेचे संगमरवरी खांब आणि शीर नसलेले पुतळे ओले होऊन चमकत होते. चौथ्या शतकातल्या भूकंपांनंतर सम्राट कॉन्स्टान्शियसने ते पुन्हा बांधून कॉन्स्टान्शिया नाव ठेवलं. सातव्या शतकात अरबांच्या स्वाऱ्या झाल्या आणि लोक दक्षिणेला आर्सिनोईच्या जागी सरकले. तेच पुढे आमोखोस्तोस, म्हणजे वाळूत दडलेलं. आर्सिनोई हे इजिप्तच्या टॉलेमी राजाच्या बहिणीचं नाव. कॉन्स्टान्शिया नाव संपलं, सलामिस टिकलं. पाऊस वाढला तसे नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे ओहोळ वाहू लागले. छत्री हवीच.

तिथून वळून एका खेड्याला गेलो. त्याचं ग्रीक नाव मराथा, तुर्की नाव मुरातआगा. आपल्याशी त्या नावाचा संबंध नाही, पण नकाशात ते वाचल्यावर तिथे न जाणं आम्हाला शक्य नव्हतं. १४ ऑगस्ट १९७४ ला मराथा, सान्तालारिस आणि आलोदा या तीन गावांतल्या १२६ तुर्की सायप्रियटांना एओका-बी या, बेट ग्रीसला जोडू पाहणाऱ्या ग्रीक सायप्रियट संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी मारलं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. स्मारकावर नावं आणि वयं कोरली आहेत. वयांकडे बघवत नाही. त्याच काळात ग्रीक सायप्रियटही शेकडोंनी बेपत्ता झाले. दोन्ही समाजांची मिळून एक समिती १९८१ पासून आहे. तिच्या यादीत एकूण २००२ बेपत्ता माणसं, १५१० ग्रीक सायप्रियट आणि ४९२ तुर्की सायप्रियट. दोन्हीकडचे तरुण शास्त्रज्ञ एकत्र खणतात, हाडं ओळखतात आणि ज्याच्या त्याच्या घरी देतात. या बेटावरचं इतकं मोलाचं काम दुसरं मला दिसलं नाही.

शेवटचा दिवस: पुन्हा लार्नाका

विमान रात्री उशिराचं. दुपारी सेंट लाझारस चर्च आणि मिठाचं तळं बघितलं. फ्लेमिंगो अजून आले नव्हते. ते हिवाळ्यात येतात.

संध्याकाळी रस्त्यावर निळे-पांढरे गळपट्टे दिसायला लागले. आनोर्थोसिस फामागुस्ता हा १९११ मध्ये स्थापन झालेला फुटबॉल क्लब. मैदान वारोशात राहिलं, क्लब लार्नाकाला आला आणि १९८६ पासून इथल्या आपल्या स्टेडियमवर खेळतो. नावातलं शहर त्याने सोडलं नाही. २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचलेला हा सायप्रसचा पहिला संघ. तेव्हा युरोपभरच्या टीव्हीवर फामागुस्ता हे नाव झळकलं. सामन्याला जायचं तर प्रेक्षकाचं ओळखपत्र आधी काढावं लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. स्टेडियमजवळच्या कॉफीच्या दुकानात टीव्हीसमोर जागा मिळाली.

शेजारी विशीतला एक मुलगा, मांडीवर गळपट्टा. कुठला, विचारलं.

"आमोखोस्तोस."

जन्म? लार्नाका. वडिलांचा? तेही लार्नाका. आजोबा तिकडचे. माउसाला कधी गेलास? एकदा, आजोबांबरोबर. त्याने मला सगळ्या खेळाडूंची नावं सांगितली, मधल्या फळीतला कोण आळशी आहे तेही. दुसऱ्या अर्धात आनोर्थोसिसने गोल केला तेव्हा त्याने ताईला खुर्चीवरून उठवून मिठी मारली. नंतर पंचाने पेनल्टी दिली, सामना बरोबरीत सुटला, आणि सगळं दुकान पंचाच्या नावाने ओरडायला लागलं. त्या गलक्यातच आमची टॅक्सी आली.